मोझार्टचे पंचक आणि आपला षड्ज

मोझार्टने जी मायनरमधील तंतुवाद्य-पंचक (के. ५१६) १६ मे १७८७ रोजी व्हिएन्नात पूर्ण केले. बारा दिवसांनी, २८ मे रोजी, त्याचे वडील लिओपोल्ड साल्झबर्गला वारले. या रचनेतील शोकाचा संबंध त्या मृत्यूशी जोडण्याचा मोह होतो. पण तारखा त्याला आधार देत नाहीत. वडिलांचे आजारपण त्याला ठाऊक होते, एवढेच. तेव्हा शोकाचे मूळ चरित्रात न शोधता रचनेच्या बांधणीत पाहावे. रागसंगीतावर पोसलेल्या कानाला ती बांधणी वाटते तितकी परकी नाही.

वाद्ये पाच : दोन व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पंचमाच्या अंतराने खाली लावतात, चेलो त्याहून सप्तकभर खाली. नेहमीच्या चतुष्कात व्हायोला एकच असतो. मोझार्टने दुसरा घेऊन मधला आवाज भरीव केला. त्याचा उपयोग आरंभीच दिसतो. मुख्य चाल पहिले व्हायोलिन वाजवते. साथीला दुसरे व्हायोलिन आणि पहिला व्हायोला. चेलो गप्प. मग तीच चाल पहिला व्हायोला उचलतो आणि साथ दुसऱ्या व्हायोलाची व चेलोची. भजनात बुवांची ओळ मंडळी एकसुरात उचलतात; इथे साथ करणाराच पुढच्या क्षणी बुवा होतो.

आता ‘जी’ हा षड्ज माना. मायनर म्हणजे राग नव्हे, पण पहिल्या भागावर कोमल गांधाराची छाया आहे हे कान लगेच ओळखतो. दुसऱ्या भागाच्या मध्यावर तोच षड्ज ठेवून शुद्ध गांधार थोडा वेळ उजळतो आणि मावळतो. तिसऱ्या, संथ भागात घोडीवर आवाज दबवणारी पट्टी बसवून पाचही जण वाजवतात. इथे कोमल धैवत हाच नवा षड्ज होतो, मूर्च्छनेसारखा. चौथ्याच्या आरंभी पुन्हा विलाप. चेलोच्या तारा बोटांनी छेडल्या जातात. आणि मग एकाएकी दादऱ्याची आठवण देणाऱ्या डुलत्या लयीत शुद्ध गांधार येतो.

इतक्या दुःखानंतर हा आनंद उथळ नाही का, असा आक्षेप घेतला जातो. आपल्या कानाचे उत्तर वेगळे असू शकते : षड्ज हललेला नाही, आणि या गांधाराची चाहूल दुसऱ्या भागातच लागली होती. शेवट आधीच पेरलेला आहे.

त्याच १७८७ साली तंजावरच्या तुळजाजी भोसल्यांनी सरफोजींना दत्तक घेतले. आपला भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता. पुढे सरफोजींच्या दरबाराने पाश्चात्त्य संगीताला आश्रय दिला. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर, वडिवेलू यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणले. महाराष्ट्रात गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग यांनी त्याला गायला लावले. वाद्य रुजले ते गायकाची साथ आणि एकल वादन यांसाठी. जुगलबंदीतही दोघे आळीपाळीने पुढे येतात. एकाच वेळी पाच जणांनी वेगवेगळे बोलून एकच अर्थ घडवण्याची रीत मात्र मागेच राहिली.

म्हणून हे पंचक दोनदा ऐकावे. पहिल्यांदा पहिल्या व्हायोलिनच्या मागे जावे, सवयीप्रमाणे. दुसऱ्यांदा ते सोडून पहिला व्हायोला धरावा. रचनेचे दुःख आणि तिचा धीर, दोन्ही त्या मधल्या आवाजातून अधिक स्पष्ट ऐकू येतात.