दुसऱ्या गिअरचा हिशेब

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली, आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून हटली. कुर्ल्यात बनणाऱ्या त्या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन, पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत ओढली जाईल तेवढ्यावरच चालायचं. गिरगाव ते दादर हा पट्टा कित्येक दशकं अशाच इंजिनांनी वाहिला. आज याच भागातलं कुटुंब लहान गाडी घ्यायला निघालं की त्याच्यापुढे बरेचदा दोन पेट्रोल इंजिनं ठेवली जातात. एक १.२ लिटरचं साधं, दुसरं १ लिटरचं टर्बो. टर्बो म्हणजे प्रगती आणि साधं म्हणजे तडजोड, असा बोलण्याचा सूर असतो. शहराच्या या भागापुरता तो सूर चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तुलना न्याय्य व्हायची तर गाडी एकच हवी. २०२३ साली आलेली मारुतीची फ्रॉन्क्स दोन्ही इंजिनांत मिळते. ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो १४७.६. कागदावर निकाल लागल्यासारखा दिसतो. पण त्याच कंपनीचं ९९८ सीसीचं बिनटर्बो इंजिन वॅगन आरमध्ये ८९ न्यूटन-मीटर देतं. म्हणजे टर्बोच्या आकड्यातला मोठा हिस्सा उसन्या हवेचा आहे. ती हवा पोचेपर्यंत आपण एक लिटरच्याच इंजिनावर जड गाडी ओढत असतो.

ही उसनी हवा येते कशी, हे पाहण्यासारखं आहे. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखाचाकं बसवलेली असतात. एक चाक धगधगत्या एक्झॉस्टच्या वाटेत, दुसरं आत येणाऱ्या ताज्या हवेच्या वाटेत. बाहेर फुकट जाणारा धूर पहिलं चाक फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतं. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि आजही ती पाहून मन थक्क होतं. मात्र दांडा फिरायला धूर हवा, धूर यायला इंधन जळायला हवं, आणि दाबलेली हवा नळ्या व इंटरकूलर भरून पुढे जायला वेळ हवा. लालबागच्या उड्डाणपुलाखाली पुढची गाडी हलते, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला जातो आणि गाडी क्षणभर विचारात पडते. तेवढ्यात रिकामी जागा स्कूटरने घेतलेली असते. मग चालक हाफ क्लचवर खेळतो किंवा पहिला गिअर टाकतो. साध्या इंजिनाचा जोर कमी असला तरी तो पाय दाबताक्षणी मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा की नवी टर्बो इंजिनं फार खालून ओढतात. ह्युंदाई व्हेन्यूचं एक लिटरचं इंजिन १५०० आरपीएमलाच १७२ न्यूटन-मीटर देतं. आकडा खरा आहे, पण असे आकडे पेडल पूर्ण दाबून, इंजिन त्या वेगावर स्थिरावल्यावर मोजतात. दादरच्या रानडे रोडवर पाय अर्धा दाबायचीही सोय नसते. दुसरा आक्षेप इंधनाचा. लहान इंजिनात घर्षण कमी, म्हणून ॲव्हरेज जास्त, हे तत्त्व बरोबर आहे. तरीही फ्रॉन्क्सच्या मॅन्युअल गाड्यांचे प्रमाणित आकडे साध्याला लिटरमागे २१.७९ किलोमीटर आणि टर्बोला २१.५ आहेत, आणि तेही टर्बोला माइल्ड हायब्रिडची मदत असताना. तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. गणपतीला पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन लालबागहून कोकणात निघालेल्या चाकरमान्याला कशेडी किंवा परशुराम घाटात टर्बोच हवा. तिथे इंजिन सतत जोरात चालतं, दांडा फिरता राहतो आणि ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागत नाही. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्याने टर्बो घ्यावा. पण वर्षातून दोन फेऱ्यांसाठी उरलेले दिवस अडखळत काढणं हा तोट्याचा सौदा आहे.

अडचणी इथे संपत नाहीत. गरम टर्बो एकदम बंद केला की दांड्याभोवतीचं तेल करपू शकतं. म्हणून घाट चढून किंवा हायवेवर जोरात चालवून थांबल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवायचं, कंपनीने सांगितलेलंच तेल वेळेवर बदलायचं. ज्याने ही शिस्त पाळली त्याचा टर्बो टिकतो. सेकंडहँड घेणाऱ्याला मात्र आधीच्या मालकाने ती पाळली का, हे कळायला मार्ग नसतो. सीएनजी हा मुंबईचा रोजचा आधार, आणि फ्रॉन्क्समध्ये तो साध्या इंजिनाबरोबरच मिळतो. २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉनमध्ये टर्बो-सीएनजी आणून दाखवला, पण त्याच नेक्सॉनमध्ये पेट्रोलला बिनटर्बो पर्यायच नाही. मला काळजी वाटते ती याची. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटर लांबी आणि १२०० सीसी या रेषेच्या आतल्या पेट्रोल गाडीला करात सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४० टक्के. कायदा सीसी मोजतो, आत किती हवा कोंबली ते मोजत नाही. त्यामुळे जास्त ताकद हवी तर कंपनीला टर्बोचाच रस्ता सोपा, आणि हळूहळू साधं इंजिन फक्त स्वस्त मॉडेलपुरतं उरण्याची भीती आहे.

म्हणून निवड आहे तोवर ती नीट करावी. टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी कोस्टल रोडवर घेऊ नये. तिथे दोन्ही इंजिनं चांगलीच वाटतील. ती संध्याकाळी सात वाजता गोखले रोडवर घ्यावी, एसी चालू ठेवून, मागे घरची दोन माणसं बसवून. गाडी रांगत असताना दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच पाय दाबावा आणि ती कधी हलते ते पाहावं. पुढची दहा वर्षं रोज तोच क्षण वाट्याला येणार आहे.