हार्डवेअर पत्ता : संज्ञा आणि संज्ञी

ईथरनेटच्या जाळ्यात प्रत्येक इंटरफेसला दोन संज्ञा असतात. पहिली म्हणजे कार्यप्रणालीने आपल्या सोयीसाठी दिलेले नाव. उदाहरणार्थ, लिनक्समधील ‘ईथ०’. दुसरी म्हणजे हार्डवेअर पत्ता. हा ४८ बिटांचा, म्हणजे ६ अष्टकांचा असतो. सामान्यतः पहिली ३ अष्टके आयट्रिपलई ही संस्था उत्पादकाला नेमून देते व उरलेली ३ उत्पादक ठरवितो. या रचनेमुळे पत्ता यंत्राला कायमचा जडलेला असतो, अशी समजूत रूढ झाली. आज्ञावली हा पत्ता कसा मिळविते हे पाहिले असता त्या समजुतीची मर्यादा ध्यानात येते.

युनिक्ससदृश प्रणालींत यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला ‘आयऑक्टल’ या कॉलचा. लिनक्समध्ये आज्ञावली एक सॉकेट उघडते, ठरावीक संरचनेत इंटरफेसचे नाव लिहिते आणि हार्डवेअर पत्ता मागणारा संकेतांक कॉलला देते. त्याच संरचनेत पत्ता परत येतो. येथे नाव आधी ठाऊक असावे लागते. नावांची यादी मागणारा जुना संकेतांक लिनक्समध्ये ज्यांना आयपी आवृत्ती ४ चा पत्ता मिळाला आहे तेवढेच इंटरफेस दाखवितो. परिणामी, हार्डवेअर पत्ता असूनही एखादे कार्ड यादीतून गळते.

दुसरा मार्ग ‘गेटइफॲड्र्स’ या फलनाचा. ते सर्व इंटरफेसांची साखळी देते. तीत एकच इंटरफेस प्रत्येक पत्त्यामागे एकदा येतो. लिनक्समध्ये ‘एएफ-पॅकेट’ कुलातील नोंद निवडावी लागते, तर बीएसडी व मॅकओएस यांत ‘एएफ-लिंक’ कुलातील. एखाद्या नोंदीत पत्त्याचा निर्देशक रिक्तही असू शकतो, म्हणून कुल वाचण्यापूर्वी ते तपासणे अगत्याचे होय. बीएसडीच्या संरचनेत नाव आणि पत्ता एकाच क्षेत्रात लागोपाठ असतात. नावाची लांबी ओलांडल्यावाचून पत्ता हाती लागत नाही. काम संपताच साखळीची स्मृती मुक्त करावी लागते. हे फलन पॉसिक्स मानकात नाही. म्हणून दोन्ही कुलांची तरतूद आज्ञावलीनेच करावयाची असते.

तिसरा मार्ग केवळ लिनक्सचा व सर्वांत सुलभ : ‘/सिस/क्लास/नेट’ या निर्देशिकेत इंटरफेसच्या नावाखाली असलेली ‘ॲड्रेस’ ही फाइल वाचणे.

तथापि तिन्ही मार्गांनी मिळतो तो त्या क्षणी प्रचारात असलेला पत्ता. तो मूळचाच असेल असे नाही, कारण अधिकारी वापरकर्ता तो बदलू शकतो. आभासी इंटरफेसचा पत्ता तर कोणत्याही कारखान्यात ठरलेला नसतो आणि लूपबॅकचा पत्ता सहा शून्यांचा असतो. पहिल्या अष्टकातील शेवटून दुसरा बिट १ असल्यास पत्ता स्थानिक रीतीने दिलेला आहे असे समजावयाचे. परंतु ही केवळ घोषणा होय, पुरावा नव्हे. लिनक्स याहून एक पाऊल पुढे जाते. त्याच निर्देशिकेतील ‘ॲडर-असाइन-टाइप’ ही फाइल पत्त्याचा उगम सांगते : ० म्हणजे कायमचा, १ यादृच्छिक, २ दुसऱ्या इंटरफेसकडून घेतलेला, ३ वापरकर्त्याने ठरविलेला. मूळ पत्ता हवा असल्यास ‘ईथटूल’ची स्वतंत्र विचारणा आहे.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. परवाना एका यंत्राशी बांधण्यासाठी पुष्कळ आज्ञावल्या हा पत्ता वापरतात. कार्ड बदलले की प्रामाणिक ग्राहक अडतो आणि पत्ता बदलणारा सुटतो. उलट, वर्ड ९७ च्या दस्तऐवजांत हार्डवेअर पत्ता अंतर्भूत होत असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले, तेव्हा यंत्राची संज्ञा लेखकाचा माग काढू शकते हे दिसून आले. पुढे २०१३ मध्ये आयओएस ७ पासून प्रत्येक ॲपला ०२:००:००:००:००:०० हे एकच उत्तर मिळू लागले.

संज्ञा आणि संज्ञी यांचा संबंध संकेताचा असतो, हे भाषाविज्ञानाचे प्राथमिक तत्त्व येथेही लागू पडते. म्हणून पत्ता वाचण्यापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात : तो कोणत्या इंटरफेसचा, प्रचलित की मूळ, आणि कोणी दिलेला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर त्या पत्त्यावरून यंत्राची ओळख पटविणे युक्त नाही. माणसाची तर नाहीच नाही.