घाट, सायकल आणि पन्नाशीनंतरचं हृदय

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, तर पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास. रविवारी पहाटे आम्ही चार-पाच जण हा घाट सायकलने चढतो. मी 54 वर्षांचा, तर आमच्यातले निवृत्त मुख्याध्यापक 61 वर्षांचे.

मागच्या हिवाळ्यात एका वळणावर सर सायकलवरून उतरले. ‘‘छातीत जरा जळजळतंय, डॉक्टर. रात्रीची मिसळ बाधली बहुतेक.’’ पाच मिनिटांत त्यांना बरं वाटलं. मी पित्ताची गोळी दिली आणि आम्ही घाट पूर्ण केला. पुढच्या रविवारी तोच चढ, तीच जळजळ. तेव्हा मला माझी चूक कळली. ओपीडीत कुणी हीच तक्रार सांगितली असती, तर मी नुसती गोळी देऊन पाठवलं नसतं. सरांना गाडीत बसवून खाली आणलं. ईसीजी सामान्य आला. स्ट्रेस टेस्टमध्ये मात्र दोष दिसला आणि अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली. स्टेंट बसवावा लागला.

असं का होतं? बसल्या जागी हृदयाला रक्त कमी लागतं, ते अरुंद वाहिनीतूनही पुरतं. म्हणून तेव्हाचा ईसीजी सामान्य येऊ शकतो. चढावर हृदयाची गरज कित्येक पटींनी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. हाच अंजायना. तो छातीत दुखूनच जाणवतो असं नाही. जळजळ, दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात अवघडल्यासारखं वाटणं, एवढंच असू शकतं. मधुमेहींना तर कधी कधी नुसती धाप लागते.

याचा अर्थ सायकल सोडा, असा नाही. वयानुसार हृदयाची कमाल गती कमी होते, हे मात्र मान्य करायला हवं. 220 मधून वय वजा करण्याचं सूत्र ढोबळ आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना ते लागूही पडत नाही. त्यापेक्षा सोपी कसोटी म्हणजे बोलून पाहणे. चढताना एक छोटं वाक्य सलग बोलता येत नसेल, तर वेग कमी करा.

गिअर हलका ठेवा. जड गिअरवर रेटत चढलं, की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. खडी सुटलेल्या, उखडलेल्या रस्त्यावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. सायकलिंगने हाडं फारशी मजबूत होत नाहीत, त्यामुळे या वयात पडणं महागात जातं. आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम जरूर करा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. पन्नाशीनंतर घाट नव्याने सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल, तर नक्कीच.

चढावर छातीत काहीही वेगळं जाणवलं, तर थांबा. पाच मिनिटांत कमी झालं नाही, तर 108 ला फोन करा. कमी झालं, तरी चढाई तिथेच संपवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सर आता पुन्हा सायकलवर आहेत, हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने आणि हलक्या गिअरवर. ‘थांबल्यावर बरं वाटलं’ म्हणून पुढे निघू नका. थांबल्यावर बरं वाटणं, हेच तर त्या आजाराचं लक्षण आहे.