जुन्या डिझेल गाडीचा हीटर गरम होत नाही? डॅशबोर्ड उघडण्याआधी हे तपासा

जानेवारीतली पहाट. जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढलात, हीटरचा नॉब लाल खुणेवर, पंखा फुल्ल, पण पायाशी येते ती कोमट हवा. पाय गारठले तरी चालतं एकवेळ; समोरची काच आतून धुकट होऊन रस्ता दिसेनासा होतो, ते मात्र धोक्याचं. गॅरेजवर गेलं की बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘हीटर कोअर गेलाय, डॅशबोर्ड खोलावा लागेल.’ म्हणजे मजुरीच भरपूर. थांबा, दोष बऱ्याचदा बॉनेटखालीच असतो.

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणारं कूलंट तापतं, त्यातलं थोडं डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यावरून पंखा हवा सोडतो. त्या छोट्या रेडिएटरलाच हीटर कोअर म्हणतात. आता डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी उष्णता वाया घालवतं, त्यामुळे ते उशिरा तापतं. गाडी जागेवर चालू ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही, हळू चालवत निघालं की ते लवकर तापतं.

तरी अर्ध्या तासानेही हवा कोमटच असेल, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर. ही एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडते. आपल्याकडे उन्हाळा 42 अंशांच्या पुढे जातो, गाडी गरम झाली की काही मेकॅनिक ही झडप सरळ काढूनच टाकतात. जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाच्या काळातच ती गेलेली असू शकते. मग हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि झिजतंही लवकर. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं, म्हणजे उन्हाळ्यातही फायदा नाही!

ओळखायचं कसं? गावात, ट्रॅफिकमध्ये हवा बरी येते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की थंड पडते, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. उलट, रेस दिली की गरम आणि गाडी उभी राहिली की थंड, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकलीय किंवा वॉटर पंप कमजोर आहे.

इथे फोन कामाला येतो. कॉमन रेल इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली 16 पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल लावा आणि टॉर्कसारख्या ॲपवर कूलंटचं तापमान बघा (बघायचं शेजारी बसलेल्याने, चालवणाऱ्याने नाही). आयफोन असेल तर डोंगल त्याला चालतो का ते विचारूनच घ्या, साधे ब्लूटूथवाले चालत नाहीत. आकडा 80 च्या वर जाऊन स्थिर राहिला तर ठीक. हायवेवर तो 60-65 पर्यंत घसरत असेल तर दोष सापडला. प्ले स्टोअरवरच्या ‘थर्मामीटर’ ॲपच्या नादी मात्र लागू नका, त्यातली बरीचशी फोनच्या बॅटरीचं किंवा हवामान खात्याचं तापमान दाखवतात.

जुनी इंडिका, सुमो असेल तर सॉकेट शोधत बसू नका, हात वापरा. गाडी वीसेक मिनिटं चालवा, हीटर फुल्ल ठेवा, मग इंजिन बंद करून कोअरकडे जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपा. दोन्ही कोमट असतील तर वर सांगितलेलंच दुखणं. एक कडक गरम आणि दुसरा थंड असेल तर कोअर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही गरम असूनही हवा थंड असेल, तर नॉबची केबल निसटलीय किंवा आतली पट्टी फिरत नाही. हे काम तुलनेने सोपं.

कोअर तुंबतो तो बहुतेक पाण्यामुळे. ‘इकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ म्हणत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं जातं. तेच क्षाराचं पाणी, जे घरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवतं. कोअरच्या नळ्या तर फारच बारीक. कूलंट गोठू नये म्हणून तर असतंच, पण ते गंजही रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं. तुंबलेला कोअर उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवून बघता येतो. प्रेशर पंप लावू नका, जुना कोअर फुटतो. नंतर कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा. बॅटरीच्या दुकानात ते मिळतं.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चव गोडसर असल्याने कुत्री ते चाटतात आणि ते विषारी आहे. आणि हीटरची परीक्षा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून करू नका.

काचेवर तेलकट धुकं, गोडसर वास आणि पायाखालचं कार्पेट ओलं, असं तिन्ही एकत्र दिसलं तर मात्र कोअर खरंच गळतोय. तेव्हा डॅशबोर्ड उघडावाच लागेल.