जपानी जुन्या गाडीचे खरे वय

जपानमध्ये नव्या मोटारीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. ‘शाकेन’ नावाची ही तपासणी खर्चिक असल्यामुळे चांगल्या चालत्या गाड्याही मालक लवकर विकून टाकतात. त्यांतल्या लाखो गाड्या बोटीने केनिया, टांझानिया, न्यूझीलंड, बांगलादेश अशा देशांत पोहोचतात. तिथे वयावर नुसती किंमत ठरत नाही. केनियात आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी उतरवताच येत नाही. बांगलादेशात ही मर्यादा पाच वर्षांची आहे. भारताच्या आयात नियमांनुसार वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली लागते आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. वर्षभराच्या फरकाने गाडी बंदरात अडकू शकते, म्हणूनच वय कमी दाखवण्याचा मोह होतो.

खरी अडचण चासी क्रमांकात आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीचा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि त्यातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेल्या गाडीवर असा क्रमांक नसतो. तिथे मॉडेलचा संकेत, मग आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक एवढेच कोरलेले असते. टोयोटा कोरोलाच्या एका पिढीचा संकेत ‘एनझेडई१४१’ असा आहे. त्यावरून गाडी साधारण २००६ ते २०१२ या काळातली, एवढेच कळते. नेमका महिना हवा असेल तर अनुक्रमांक कंपनीच्या उत्पादन-नोंदींशी किंवा सुट्या भागांच्या कॅटलॉगशी ताडून पाहावा लागतो.

जपानी नोंदणीपत्रावर आणि निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याच्या दाखल्यावर तारीख असते, पण ती पहिल्या नोंदणीची. गाडी कारखान्यातून निघून काही महिने विक्रेत्याकडे उभी राहिलेली असू शकते. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नोंदली गेली, तर कागदावर ती एका वर्षाने तरुण ठरते. केनिया पहिल्या नोंदणीचे वर्ष धरतो, भारत उत्पादनाची तारीख; त्यामुळे आपल्या देशाचा नियम काय मोजतो हे आधी पाहावे लागते. शिवाय या कागदांवर वर्ष बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीनुसार लिहिलेले असते. हेइसेइ वर्षात १९८८ मिळवले की इसवी सन मिळते: हेइसेइ २५ म्हणजे २०१३. रेइवा वर्षात २०१८ मिळवायचे. २०१९ हे वर्ष मात्र विभागलेले आहे. ३० एप्रिलपर्यंत हेइसेइ ३१, १ मेपासून रेइवा १. भाषांतरित प्रतीत हा आकडा चुकणे किंवा मुद्दाम चुकवणे सोपे असते. म्हणून मूळ जपानी दाखला पाहिल्याशिवाय भाषांतरावर भिस्त ठेवू नये.

कागदांइतकीच साक्ष गाडीचे भाग देतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवर बहुधा तो बनल्याची तारीख सापडते. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात आकडा आणि ठिपके वर्ष-महिना सुचवतात. प्लॅस्टिकच्या भागांच्या आतल्या बाजूस अनेकदा घड्याळाच्या तबकडीसारखा तारखेचा ठसा असतो. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. चालते टायर बदललेले असतात, पण डिकीतली न वापरलेली स्टेपनी उपयोगी पडते.

हे भाग गाडी जुळवण्याआधीच बनलेले असतात. म्हणून मूळ भागांतली सर्वांत अलीकडची तारीख आणि पहिल्या नोंदणीची तारीख, या दोहोंच्या मध्ये गाडीचा जन्म असतो. निरोगी गाडीत हे अंतर सहसा काही महिन्यांचे असते. एखादीच काच नोंदणीनंतरची निघाली, तर ती बदललेली असणार. त्यावरून संशय घेऊ नये. पण चारही सीटबेल्ट, काचा आणि स्टेपनी २०१३च्या आणि दाखला २०१६चा असेल, तर खोट कागदात असण्याचीच शक्यता जास्त. अशा गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या नोंदींशी जुळवून घेईपर्यंत पैसे देऊ नयेत.