380 सामने आणि चोवीस परार्ध शक्यता

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2026-27 चा हंगाम 22 ऑगस्टला सुरू होतो आणि 30 मे 2027 ला संपतो. यंदा 19 जुलैला विश्वचषकाची अंतिम लढत असल्यामुळे सुरुवात नेहमीपेक्षा थोडी उशिरा ठेवली आहे. संघ 20, प्रत्येकाचे सामने 38, एकूण सामने 380. यात डोळे विस्फारावेत असे काही नाही. सगळे सामने पाठोपाठ पाहायचे ठरवले तर 570 तास लागतील, म्हणजे 23 दिवस आणि 18 तास. यात जेवण, झोप आणि पंचांनी वाढवून दिलेली मिनिटे धरलेली नाहीत.

गंमत सुरू होते ती शेवटचा गुणतक्ता कसा असेल, हे विचारल्यावर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त या जातीचे एक गणित आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ अशा दहा वस्तू आहेत. त्यांची हातोहात अदलाबदल केली तर किती निरनिराळ्या मूर्ती होतील? उत्तर 36,28,800. आता हातांच्या जागी गुणतक्त्यातली स्थाने धरा, वस्तूंच्या जागी संघ, आणि दहाचे वीस करा. उत्तर येते 24,32,90,20,08,17,66,40,000. त्याच ग्रंथातली स्थानांची यादी परार्धापाशी थांबते. त्या मापाने हे झाले चोवीस परार्ध आणि वर थोडे.

140 कोटी भारतीयांनी कामधंदा आणि झोप सोडून दर सेकंदाला प्रत्येकी एक नवा तक्ता लिहिला, आणि कोणीही दुसऱ्याचा तक्ता पुन्हा लिहिला नाही, तर सगळे तक्ते संपायला 55 वर्षे लागतील. एकट्याने बसायचे तर 7,700 कोटी वर्षे. विश्वाचे वय सुमारे 1,380 कोटी वर्षे आहे.

हा तर नुसता क्रम झाला. प्रत्येक सामन्याचे निकाल तीनच: यजमान जिंकतो, पाहुणा जिंकतो किंवा बरोबरी होते. 380 सामन्यांसाठी तीनला तीनने गुणत गेलो की 182 अंकी संख्या मिळते. दृश्य विश्वातल्या अणूंचा ढोबळ अंदाज 81 अंकी आहे. प्रत्येक अणूच्या पोटात आणखी एक अख्खे विश्व आहे असे मानले, तरी त्या सगळ्या विश्वांतले अणू मिळून या संख्येला पुरत नाहीत. आणि गोल किती झाले, कोणी केले, कितव्या मिनिटाला केले, हे अजून धरलेच नाही.

अशा एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचे अंतर कधीकधी 11 मिलिमीटर असते. जानेवारी 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या जॉन स्टोन्सने लिव्हरपूलविरुद्ध गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढला, तेव्हा चेंडूचा तेवढाच भाग रेषा ओलांडायचा राहिला होता. सिटीने तो सामना 2-1 असा जिंकला, आणि मे महिन्यात सिटीचे 98 गुण झाले, लिव्हरपूलचे 97. तो चेंडू आत गेला असता आणि बाकी सगळे तसेच घडले असते, तर 2-2 अशी बरोबरी होऊन लिव्हरपूलचे 98 आणि सिटीचे 96 झाले असते.

वेळापत्रक बनवणाऱ्यांचे दुखणे वेगळे. निकाल त्यांच्या हातात नाहीत, पण कोण कोणाशी कधी आणि कुठे खेळेल हे त्यांनाच ठरवायचे असते. 20 संघांच्या 190 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा पहिला सामना कोणाच्या मैदानावर, एवढ्या एका प्रश्नाची उत्तरे 58 अंकी भरतात. मग एकदा जमवलेल्या 38 फेऱ्या कोणत्या क्रमाने लावायच्या, याच्या शक्यता 45 अंकी.

एवढे पर्याय हाताशी असताना काम सोपे असायला हवे. पण एक साधी अपेक्षा तपासून पाहा: प्रत्येक संघाला एक सामना घरी, पुढचा बाहेर, मग पुन्हा घरी, असे अगदी आलटून पालटून मिळावे. पहिल्या 19 फेऱ्यांत हे जास्तीत जास्त दोनच संघांना मिळू शकते! कारण अशी रांग दोनच प्रकारची असते, एक घरून सुरू होणारी आणि दुसरी बाहेरून. तिसऱ्या संघाला तशीच रांग दिली, तर तो आधीच्या दोघांपैकी एकासारखाच असणार. ते दोघे एकाच दिवशी घरी आणि एकाच दिवशी बाहेर असतील, म्हणजे एकमेकांशी कधी खेळूच शकणार नाहीत. त्यामुळे उरलेल्या अठरा संघांच्या वाट्याला कधी ना कधी सलग दोन घरचे किंवा सलग दोन बाहेरचे सामने येणारच. एखाद्या क्लबने कितीही आरडाओरडा केला तरी याला इलाज नाही. गणित कोणाचा वशिला मानत नाही.

त्यावर नियमांची रास. सलग पाच सामन्यांत तीन घरचे आणि दोन बाहेरचे किंवा उलट, हे प्रमाण राखायचे. हंगामाची सुरुवात किंवा शेवट लागोपाठच्या दोन घरच्या किंवा दोन बाहेरच्या सामन्यांनी होऊ द्यायचा नाही. मँचेस्टरचे दोन क्लब किंवा लिव्हरपूल आणि एव्हर्टन एकाच दिवशी घरी नकोत, कारण पोलीस तेवढेच असतात. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी चाहत्यांना फार लांब पाठवायचे नाही. लंडनमध्ये तर 2025-26 मध्ये एकाच लीगचे सात क्लब होते. शिवाय हे काम एकट्या प्रीमियर लीगसाठी करून भागत नाही. खालच्या तीन विभागांत 24-24 संघ असतात आणि शहरे, रेल्वे, पोलीस तेच. चारही विभाग मिळून सामने 2,036. हे सगळे संगणकाकडून जमवून घ्यायचे, आणि मग टीव्हीवाले येऊन शनिवारचा सामना सोमवारी रात्री नेणार.

टीव्हीवाल्यांना तो हक्क कशामुळे, हेही आकड्यांतच पाहा. 2025-26 पासूनच्या चार हंगामांसाठी फक्त ब्रिटनमधले हक्क 6.7 अब्ज पौंडांना गेले आहेत. पौंडाला 115 रुपये धरले तर सुमारे 77 हजार कोटी. दर हंगामात जास्तीत जास्त 270 सामने थेट दाखवायचे, म्हणजे सामन्याला साधारण 71 कोटी आणि मिनिटाला 79 लाख. यात परदेशातले उत्पन्न नाही. तरीही हा आकडा ऐकून भारतीय वाचकाने फार दबून जायचे कारण नाही: आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रसारणहक्क 410 सामन्यांसाठी 48,390 कोटींना विकले गेले, म्हणजे सामन्याला 118 कोटी. प्रीमियर लीगच्या थेट न दाखवल्या जाणाऱ्या उरलेल्या 110 सामन्यांपैकी बहुतेक शनिवारी दुपारी तीनचे असतात, आणि त्या वेळी ब्रिटनमध्ये थेट प्रसारणाला जुनी बंदी आहे. स्टेडियमपासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्याला जो सामना टीव्हीवर दिसत नाही, तो पुण्यातला चाहता ऑगस्टमध्ये संध्याकाळी साडेसातला घरबसल्या पाहू शकतो.

आता थोडे टोकाचे निकाल. सगळेच्या सगळे 380 सामने बरोबरीत सुटले, तर प्रत्येक संघाचे 38 गुण होतील आणि 38 गुणांवरच कोणीतरी विजेता ठरेल. 2024-25 मध्ये नेमके एवढेच गुण मिळवून टॉटनहॅम सतरावा आला होता. (त्याच मोसमात त्याने युरोपा लीग जिंकली, फुटबॉलला तर्काचे वावडे आहे ते असे.) उलट अठरा संघांनी तळाच्या दोघांना चारही वेळा हरवले आणि आपापसांत फक्त घरचे सामने जिंकले, तर अठराही जणांचे 63 गुण होतात, आणि त्यातला एक 63 गुणांसह खालच्या विभागात जातो. आणि तळाचे चार संघ बाकी सगळ्यांकडून हरले, आपापसांत मात्र बरोबरीच करत राहिले, तर त्यांतला एक फक्त 6 गुणांवर वाचतो.

प्रत्यक्षात असे काही घडत नाही. 20 संघांच्या हंगामात विजेत्याचे सर्वांत कमी गुण 75, मँचेस्टर युनायटेडचे 1996-97 मध्ये. सर्वांत जास्त 100, सिटीचे 2017-18 मध्ये. 42 गुण मिळवूनही वेस्ट हॅम 2002-03 मध्ये खाली गेला, आणि चार गुणांची कपात सोसून नॉटिंगहॅम फॉरेस्ट 2023-24 मध्ये 32 गुणांवर वाचला. 182 अंकी शक्यतांतून लीग दरवर्षी याच चिंचोळ्या पट्ट्यातून चालते, आणि तिला तिथे धरून ठेवतो तो पैसा. 2024-25 पर्यंतच्या 33 हंगामांत 51 क्लब या लीगमध्ये खेळले आणि विजेतेपद सातच क्लबांना मिळाले. त्यांपैकी एका मँचेस्टर युनायटेडकडेच 13. लेस्टर सिटीने 2015-16 मध्ये 5,000 ला 1 हा भाव खोटा पाडला, म्हणून तर ते नाव अजून निघते.

ऑगस्टमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर भाकितांचे तक्ते फिरू लागतील, वर्तमानपत्रांतले जाणकारही आपापले तक्ते छापतील. ते जपून ठेवा आणि 30 मे नंतर तपासा. मोजपट्टी सोपी आहे: वीस संघांच्या चिठ्ठ्या डोळे मिटून काढल्या, तरी सरासरी एक संघ आपल्या अचूक जागी पडतो, आणि शंभरातून सुमारे 37 वेळा एकही पडत नाही. ज्याचे दोन संघसुद्धा जागेवर नाहीत, त्या जाणकाराचे ऐकण्यापेक्षा चिठ्ठ्या काढलेल्या बऱ्या.