छत्तिसाव्या दिवसापासून

पुण्याला येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथले उपचार ३५ दिवसांचे. छत्तिसाव्या दिवशी माणूस पिशवी उचलून घरी जातो, तेव्हा गल्ली तीच असते. कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान जागेवर असतं, पगाराची तारीख तीच असते, उधारी मागायला येणारा तोच असतो, आणि दिवेलागणीला ‘बसायचं का?’ म्हणून विचारणारे दोस्तही तेच. बदललेला असतो तो एकटाच, आणि तोही जेमतेम पस्तीस दिवसांपुरता.

मुक्तांगणबद्दल मराठीत खूप लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं आतल्या दिवसांबद्दल आहे आणि ते वाचताना डोळ्यांत पाणी येतं. मला मात्र या संस्थेचं मोठेपण फाटकाबाहेर तिने उभ्या केलेल्या गोष्टींत दिसतं. दारू सोडणारे आपल्या गावोगाव आहेत, दर गटारीनंतर सोडणारेही आहेत. सोडलेली दारू दहा वर्षं सुटलेलीच राहावी, यासाठी माणसांची एक रचना लागते. ती कशी बांधली जाते, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात गर्दपासून झाली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांसाठी काहीतरी करा म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारातल्या जागेत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. चालवलं ते अनितांनी, तिथल्या सगळ्यांच्या ‘मॅडम’नी. अवचट सगळ्यांचे ‘बाबा’ असले, तरी घडी बसवली ती मॅडमची. मारायचं नाही, अपमान करायचा नाही, आणि बरा झालेला माणूसच पुढच्या माणसाला सांभाळेल, ही ती घडी. १९९७ मध्ये कॅन्सरने मॅडम गेल्या. पुढे संस्थेची जबाबदारी त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी उचलली. मोठी देणगी आणि मोठी नावं पाठीशी असलेल्या कितीतरी संस्था संस्थापकांनंतर विझल्या. ही टिकली, याचं कारण मला त्या शेवटच्या नियमात दिसतं. इथे समुपदेशकाच्या खुर्चीत बसलेला माणूस पुष्कळदा स्वतः कधीतरी याच वॉर्डात कुडकुडत पडलेला असतो. त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, कारण ती सगळी खोटी कारणं त्याने स्वतः वापरून झालेली असतात.

आतल्या ३५ दिवसांबद्दल थोडक्यात. पहिला आठवडा शरीराचा. गर्दवाल्याची टर्की म्हणजे हाडं मोडल्यासारखं दुखणं, उलट्या, झोपेचा पत्ता नाही. दारू एकदम तुटली की हात थरथरतात, काहींना फिट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. हे जिवावरही बेतू शकतं. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा घरगुती उपाय कुणी करू नये, त्या दिवसांत डॉक्टर हवाच. त्यानंतर योगासनं, गटचर्चा, साफसफाईच्या पाळ्या, गाणी. शरीर लवकर सावरतं. चेहऱ्यावर तेज येतं, वजन वाढतं, आणि माणसाला वाटायला लागतं की आपण जिंकलो. हा आत्मविश्वास घेऊन तो त्या गल्लीत परततो.

गल्लीचं वजन किती असतं, हे समजून घ्यायला एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. व्हिएतनाम युद्धात हेरॉइन अमेरिकी सैनिकांच्या हाताशी सहज आलं होतं आणि पाचांतला जवळजवळ एक जण त्याच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले फक्त ५ टक्के. विकणारा, सोबत ओढणारे, ती भीती, तो कंटाळा, सगळं समुद्रापार राहिलं होतं. आपल्या माणसाच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. केंद्राच्या शांत आवारात तो बरा होतो आणि परततो ते थेट व्यसनाच्या मुलखात. मुलूख बदलून देणं कुणाच्या हातात नसतं. त्या मुलखात त्याच्याभोवती दुसरी माणसं उभी करणं तेवढं हातात असतं.

मुक्तांगणमध्ये याला फॉलो-अप म्हणतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे गट जमतात. बरे झालेले मित्र ते चालवतात, नव्याने सुटून आलेला तिथे यायला लागतो. गोलात बसायचं, आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं. लग्नाच्या वरातीत काय झालं, बोनस मिळाला त्या दिवशी पाय कुठे वळत होते, साहेब बोलला तेव्हा डोक्यात काय आलं. उपदेश कुणी करत नाही, आपापलं सांगतात. व्यसनमुक्तीला वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीचा गृहस्थ ‘आज मी दोन वर्षांचा झालो’ असं म्हणतो आणि त्याची म्हातारी आई पुढच्या रांगेत पदराने डोळे पुसत असते. त्या दोन वर्षांचा हिशेब तिच्याइतका कुणालाच माहीत नसतो.

ही रीत जगभर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने, म्हणजे एएने रुजवली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा, काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला अमेरिकी माणूस ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामात हरून हॉटेलच्या लॉबीत येरझारा घालत होता. एका बाजूला बारमधले हसण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि चर्चच्या लोकांना विचारत सुटला, या गावात मला भेटेल असा एखादा दारुडा आहे का? भेटला तो डॉक्टर बॉब स्मिथ. दोघं तासन्‌तास बोलत बसले. त्या संध्याकाळी बिलला स्वतःला वाचण्यासाठी दुसऱ्या पिणाऱ्याची गरज होती. एएची सगळी बांधणी या गरजेवर उभी आहे. फी नाही, नाव-आडनाव विचारत नाहीत, बाहेरची देणगी घेत नाहीत, खर्च आपसांत भागवतात. नव्याला एक जुना माणूस आणि त्याचा फोन नंबर मिळतो. रात्री अकराला तलफ आली तर तो लावायचा. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ कुणीतरी फोनवर असलं, तरी पुष्कळ झालं.

पण फोन करणारा ज्या घरात बसलेला असतो, त्या घराचं काय? मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती मुक्तांगणची ‘सहचरी’, व्यसनींच्या पत्नींचा गट. नवरा सुधारून आला की बाईचे सगळे प्रश्न सुटले, असं शेजारपाजार धरून चालतं. प्रत्यक्षात तेव्हा नवे सुरू होतात. दहा वर्षं घर तिने ओढलेलं असतं. साहेबांना फोन करून ‘यांना ताप आलाय’ म्हणून खोटं बोललेली असते, मंगळसूत्र सावकाराकडून सोडवलेलं असतं, शाळेची फी भरलेली असते. आता तो शुद्धीवर येतो आणि विचारतो, पासबुक कुठंय? घरात पुन्हा कर्ता व्हायची त्याला घाई असते. तिच्या हातून कारभार सुटत नाही, आणि तिने तो का सोडावा?

शिवाय संशय. तो अर्धा तास उशिरा आला की ती दारातच ‘अहो, कुठे होतात?’ म्हणून विचारते आणि बोलता बोलता वास घेते. तो चिडतो, ‘एवढे महिने झाले, अजून विश्वास नाही तुझा?’ खरंच बस चुकलेली असते. पण दारावरची बेल वाजली की पोरांनी पुस्तक मिटून आतल्या खोलीत जायचं, हे त्या घराच्या अंगात मुरलेलं असतं. विश्वास मागून मिळत नाही, त्याला वेळ लागतो, हे नवऱ्याला गटात शिकावं लागतं. त्याच्या पिण्याचा दोष आपला नाही आणि त्याची पहारेदारी ही आपली नोकरी नाही, हे तिला सहचरीत उमगतं. स्वतःची झोप, स्वतःचं काम, माहेरी दोन दिवस जाऊन येणं, इतक्या साध्या गोष्टींपासून तिचंही बरं होणं सुरू होतं. ते न करता फक्त नवऱ्यावर उपचार करणं मला अर्धवट वाटतं.

बायका नवऱ्याला घेऊन येतात. व्यसनी बाईला घेऊन येणारे नवरे मात्र फार कमी. बाईचं पिणं घरचे आधी लपवतात, मग तिलाच टाकतात. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला तो यासाठीच. तिथून बाहेर पडणाऱ्या बाईला परतायला घर असेलच असं नाही, तेव्हा तिच्यासाठीची बाहेरची रचना पुरुषाच्या रचनेहून कितीतरी अधिक मजबूत हवी. या बाजूला आपण समाज म्हणून अजून फारच तोकडे आहोत.

आणि स्लिप. सांभाळून सांभाळून एखाद्या दिवशी पाय घसरतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी या क्षणाचा बारकाईने अभ्यास केला. एक पेग घेतल्यावर माणसाच्या मनात येतं की आता सगळं गेलंच, मग पूर्ण बाटलीच का नको? घात करते ती ही शरम. तो गटाकडे फिरकत नाही, फोन उचलत नाही. अशा वेळी जुना मित्र घरी जाऊन उभा राहिला, तर एका रात्रीची स्लिप सहा महिन्यांची होत नाही. २००० साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की उपचारांनंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के व्यसनी पुन्हा घसरतात, आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांचे रुग्णही पथ्य-औषध सोडून साधारण अशाच प्रमाणात पुन्हा आजारी पडतात. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला कुणी घराबाहेर काढत नाही. ‘याच्यावर पैसे वाया गेले’ असं दुसऱ्यांदा दाखल करताना म्हणणाऱ्या भावांना हे समजावून सांगणारं माणूस प्रत्येक गावात हवं.

पण उपचार मुळात पोचतात किती जणांपर्यंत? एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पीत होते आणि दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळत होते. खाटा वाढवायला पैसा लागतो, डॉक्टर लागतात, वर्षं लागतात. गट सुरू करायला तेवढं लागत नाही. तालुक्याच्या गावी शाळेचा एक वर्ग आठवड्यातून एकदा संध्याकाळी दीड तास उघडा मिळावा. दोन-चार वर्षं कोरडा राहिलेला एखादा माणूस दर वेळी तिथे हजर असावा, कुणी आलं नाही तरी. बायकांसाठी शेजारचा वर्ग, वेगळा. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने सुट्टी देताना कागदावर औषधांखाली त्या वर्गाचा पत्ता लिहावा. कारखान्याने पहिलं वर्षभर त्या संध्याकाळी त्या कामगाराला ओव्हरटाइमला थांबवू नये. आणि भिंतीवर एक फोन नंबर, रात्रीही उचलला जाणारा.